गेंडा शोधायला निघालेली सोसायटी

सहलीच्या बैठकीत तोंड उघडलं की काम गळ्यात पडतं, हे इतकी वर्षं सोसायटीत राहून मला कळायला हवं होतं. २७ ऑक्टोबर २०२४, रविवार. दिवाळी चार दिवसांवर, क्लबहाउसमध्ये चहा आणि कोणाच्या तरी घरची पहिली चकली, आणि विषय नेहमीचाच: डिसेंबरात कुठे जायचं? रिसॉर्ट झालं, वॉटरपार्क झाला, हुरडा पार्टी झाली. मी म्हणाले, "आता मेट्रो थेट मंडईला जाते. जुन्या पुण्यात ट्रेझर हंट करू या की." सेक्रेटरींनी चकली खाली ठेवली. "छान. मग हे तुम्ही बघताय."

मी मूळची लातूरची. पिंपरीत अठरा वर्षं झाली. गावाकडे "पुण्यात असते" म्हणून सांगते, पण माझं पुणं म्हणजे लक्ष्मी रोडची साड्यांची दुकानं आणि गणपतीतली एक रात्र. आता पार पडल्यावर आजूबाजूच्या दोन-तीन सोसायट्यांतून "कसं केलं, किती खर्च आला, परवानगी लागते का" असे फोन येतायत. प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. फसलेलंही लिहिते, कारण उपयोग त्याचाच जास्त आहे.

पहिली फेरी ६ नोव्हेंबरला, बुधवारी, अर्धा दिवस रजा टाकून. बरोबर सी विंगमधला कॉलेजात जाणारा मुलगा, कारण त्याला रस्ते लक्षात राहतात आणि मला राहत नाहीत. पिंपरीहून बसलो आणि अर्ध्या तासात कसबा पेठ स्टेशनाच्या सरकत्या जिन्यावरून वर आलो. स्वारगेटपर्यंतचा हा भुयारी टप्पा २९ सप्टेंबरलाच सुरू झाला होता. पूर्वी याच अंतरासाठी दोन बस आणि एक भांडण लागायचं.

कसबा गणपतीला नमस्कार करून तांबट आळीत शिरलो. आळी दिसायच्या आधी ऐकू आली. ठक-ठक, ठक-ठक, मध्येच एक वेगळा जाड ठोका. तांब्याच्या पत्र्यावर ठोके देऊन त्याला आकार देणारी ही मंडळी पेशवाईपासूनची. मी तिथेच वहीत लिहिलं: "डोळे मिटा, कान उघडा." स्वतःवर फार खूश झाले होते. या कोड्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

तिथून सोमवार पेठेत, त्रिशुंड गणपतीला. या देवळाबद्दल वाचलं होतं, पण समोर उभं राहिल्यावर कळलं की हंटचं नाक हेच. भीमगीरजी गोसावींनी १७५४ साली बांधायला घेतलं, १७७० साली पुरं झालं. काळ्या दगडाची सगळी दर्शनी भिंत कोरीव. आत गणपती मोरावर बसलेला, सोंडा तीन. संस्कृत लेख आहेत, एक फारसीही आहे. आणि बाहेर, दाराच्या बाजूला खाली, बंदूकवाले शिपाई एका गेंड्याला साखळदंडानं बांधतायत. पुण्यात गेंडा! प्लासीच्या लढाईनंतर इंग्रजांनी बंगाल गिळला, त्यावरची ही टिप्पणी असावी असा अर्थ लावतात. कारागिरानं काय मनात धरून कोरलं कोण जाणे, पण कोडं आयतं मिळालं. उखाण्याच्या चालीवर जुळवलं:

बंगालचा गेंडा साखळीत बांधला,
मोरावरचा देव तीन सोंडांनी हसला.

सगळी कोडी उखाण्यांसारखीच करायची हे तिथे ठरलं. आमच्याकडे निम्म्या बायका आहेत; इंग्रजी शब्दकोड्यांत अडतील, उखाण्यात कोणी अडणार नाही.

आता परवानगी. इथे माझी दोन आठवडे झोप उडाली होती, म्हणून नीट सांगते. ११ नोव्हेंबरला मी एका चौकीवर गेले. विधानसभेची आचारसंहिता चालू. "तीस माणसं रस्त्यावर? कुठल्या पक्षाची?" मी म्हटलं, सोसायटीची. "निकाल लागू द्या, मग या." निकाल २३ तारखेला लागला, मी २६ला गेले. एका टेबलावर सांगितलं, पायी फिरायला परवानगी कशाला लागते? शेजारच्या टेबलावर सांगितलं, लागते, आणि अर्ज वरच्या ऑफिसात द्या. वरच्या ऑफिसात साहेब बंदोबस्ताला गेलेले. तिसऱ्या खेपेला, २९ला, एका अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला आणि दोन मिनिटांत मोकळं केलं: लेखी परवानगीपत्र देत नाही, अर्जाची पोच घ्या, चौकात दहापेक्षा जास्त माणसं एका जागी थांबवू नका, रस्ता अडवू नका, काही झालं तर फोन करा.

पोच म्हणजे आवक-शिक्का मारलेली आपली प्रत. ती मिळाल्याशिवाय खिडकी सोडू नका. अर्ज सोसायटीच्या लेटरहेडवर, दोन प्रतींत. त्यात तारीख, सुरुवात आणि शेवट किती वाजता, मार्ग पेठांच्या क्रमानं, किती माणसं, त्यांत मुलं किती, जबाबदार दोघांचे मोबाइल. आणि एक ओळ जी मी दुसऱ्या खेपेला शिकले: "वाद्य, ध्वनिक्षेपक, फलक, घोषणा, वर्गणी यांपैकी काहीही नाही." ही ओळ वाचली की समोरच्याचा चेहरा सैल होतो. शनिवारवाडा पुरातत्त्व खात्याचा. आत तिकीट काढून हंट नेणं, मग कॅमेरे, मग प्रश्न, या भानगडीत आम्ही पडलोच नाही. त्या ठिकाणचं कोडं बाहेरून सुटेल असंच केलं. आणि कुठेही चिठ्ठी चिकटवायची नाही, दगडाच्या फटीत काही खुपसायचं नाही. संरक्षित वास्तूला इजा करणं हा १९५८च्या कायद्यानं गुन्हा आहे. तो नसता तरी अडीचशे वर्षांच्या देवळाला सेलोटेप लावणाऱ्याला मी खेळातून बाद केलंच असतं.

दुसऱ्या दोन फेऱ्या १७ आणि २४ नोव्हेंबरच्या रविवारी. २४ला निकालाचा गुलाल अजून रस्त्यावर होता आणि अभिनंदनाच्या फ्लेक्सनी चौक झाकलेले. माझं एक कोडं एका जुन्या दुकानाच्या पाटीवर बेतलेलं. पाटी गायब! दुसरं एका वाड्याच्या लाकडी दरवाज्यावर होतं; तो सतराला मी पाहिला होता, चोवीसला समोर हिरवं कापड आणि पत्रे. दोन्ही कोडी फाडली. तेव्हापासून माझा नियम: कोडं दगडावर बांधायचं, पाटीवर नाही. पेठांमध्ये लाकूड आणि पत्रा आठवड्यात बदलतो.

८ डिसेंबरला रंगीत तालीम केली. माझा नवरा, नणंदेची दोन मुलं आणि सी विंगचा मुलगा. कोडी तेरा, अंदाज अडीच तासांचा, लागले चार तास दहा मिनिटं. नवऱ्यानं विश्रामबागवाड्यासमोरच्या कट्ट्यावर बसकण मारली आणि "मला हरलेला समजा" म्हणून जाहीर केलं. पण खरी गोष्ट वेगळीच लक्षात आली. भाचा आणि भाची वेळेचे गुण मिळतात म्हणून धावत गेले, धावत आले, फोटो दाखवला. मी विचारलं, गेंडा एकटा होता की कोणी बरोबर होतं? दोघंही एकमेकांकडे बघायला लागली.

त्या रात्री सगळी गुणपद्धत बदलली. वेळेला शून्य गुण. फक्त बारा वाजता मंडईत पोचायचं, लवकर आलात तर उन्हात बसा. ठिकाण सापडलं की दहा गुण. आणि पाच गुण "माणसाच्या उत्तराला": प्रत्येक ठिकाणी तिथल्या एका माणसाला त्या जागेबद्दल काहीतरी विचारायचं आणि त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून आणायचं. गटाचे सगळे मोबाइल एका पिशवीत, पिशवीला गाठ. एक फोन बाहेर, तो फोटोला आणि अडचणीला. नकाशा उघडायचा नाही. तेरातली चार ठिकाणं गाळली: विश्रामबागवाडा, नाना वाडा, केसरीवाडा, ओंकारेश्वर. ओंकारेश्वर गाळताना जीवावर आलं.

१५ डिसेंबर, रविवार. कडाक्याची थंडी. आदल्या दिवशी दत्तजयंती झालेली, बुधवार पेठेत झेंडूच्या माळा अजून ताज्या. खेळाडू अठ्ठावीस, गट सात, प्रत्येकात चार. गट मी पाडले, आणि मुद्दाम कुटुंबं फोडली. प्रत्येक गटात एक साठीच्या पुढचं, एक पंधराच्या आतलं. नवरा-बायको एका गटात नाहीत, याबद्दल दोन्ही पक्षांनी नंतर आभार मानले. आयोजक आम्ही चौघं: दोघं शिवाजी रस्ता आणि बाजीराव रस्ता ओलांडायच्या जागी, एक मंडईत, मी फिरती. आठला कसबा गणपतीपासून दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं गट सोडले. पुढची सात ठिकाणं प्रत्येक गटाला वेगळ्या क्रमानं, नाहीतर मागचा गट पुढच्याच्या पाठीमागे चालतो. शेवट सगळ्यांचा मंडई. ठिकाणागणिक एक बंद पाकीट, वर क्रमांक. नऊ पाकिटांचा गठ्ठा रबरबँड लावून गटातल्या सगळ्यात लहानाकडे.

साडेआठला पहिला फोन. "काकू, कात्रजचं प्राणिसंग्रहालय किती वाजता उघडतं?" गेंडा म्हणजे प्राणिसंग्रहालय, असं सरळ उत्तर काढून हा गट रिक्षावाल्याशी भाव करत होता. मी एवढंच म्हटलं, दुसरी ओळ परत वाचा. पलीकडून रिक्षावाल्याचाच आवाज आला, "अहो, तीन सोंडा ना? मग सोमवार पेठ. कात्रजला कशाला जाताय?" त्याचं भाडं बुडालं आणि यांना पाच गुण मिळाले. उत्तरपत्रिकेत त्यांनी ते वाक्य तसंच लिहिलं होतं.

दुसरा फोन तांबट आळीतून. "डोळे मिटून दहा मिनिटं उभे आहोत. लोक विचारतायत बरं वाटत नाही का." आळी गप्प होती! माझी फेरी बुधवारी झालेली, आणि हंट रविवारी सकाळी. नंतर दोन्ही रविवारी आम्ही तिकडे फिरकलोच नव्हतो, आणि तालमीच्या दिवशी सी विंगच्या मुलाला जागा पाठच होती, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. ज्या वारी आणि ज्या वेळेला खेळ आहे, त्याच वारी आणि त्याच वेळेला प्रत्येक ठिकाण बघून या. हे मी आता सगळ्यांना पहिलं सांगते. सात गटांपैकी चौघांना आळी सापडली, तीही विचारत विचारत.

शनिवारवाड्याला दिल्ली दरवाज्याच्या एका फळीवरचे खिळे मोजायचे होते. नऊ गुणिले आठ, बहात्तर, असं मी वाचून ठेवलेलं. सात गटांनी पाच वेगवेगळे आकडे आणले. एका आजोबांनी हिशोबच लावला होता: हत्तीचं कपाळ या उंचीला येतं, म्हणजे खालचे मोजायचेच कशाला? त्यांना गुण दिले. लाल महालात सहावीतल्या एका मुलानं पहारेकऱ्याला विचारलं, शाहिस्तेखानाची बोटं नेमकी कुठल्या खिडकीत तुटली? पहारेकरी म्हणाला, "बाळा, ती खिडकी केव्हाच गेली. हा महालिकेनं नंतर बांधलाय." महालिका म्हणजे महापालिका. मुलाचा चेहरा पडला. १६६३ सालच्या त्या रात्रीची जागा हीच, इमारत आपल्या काळातली, हे त्याला नीट समजावून सांगितलं त्याच्या गटातल्या ऐंशी गाठत आलेल्या आजींनी. तिथेच त्यांची वीस मिनिटं गेली. जाऊ देत.

बेलबागेचं देऊळ सगळ्यांना पटकन सापडलं, नाना फडणवीसांचं नाव घातलं होतं म्हणून. तुळशीबागेचं मात्र मजेशीर झालं. उखाणा असा होता:

नाव बागेचं, बाग कुठे? गर्दी मात्र बारा मास,
बांगड्यांच्या किणकिणाटामागे रामरायाचा निवास.

तुळशीबाग हे उत्तर सगळ्यांना एका सेकंदात आलं. पण आत राममंदिर आहे, पेशवाईतलं, नारो आप्पाजी खिरे म्हणजेच तुळशीबागवाले यांनी उभारलेलं, हे आमच्यातल्या बहुतेक बायकांनी वीस-वीस वर्षं तिथे क्लिपा आणि कुकरची शिट्टी घेऊनही पाहिलं नव्हतं. सकाळी दुकानं उघडलेली नव्हती. शटर खाली, वाट मोकळी, आणि वर बघितलं तर उंच शिखर. बी विंगमधल्या काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं आपण खालीच बघत फिरलो गं."

आणि सातवं पाकीट.

पाटी-लेखणी हाती घेऊन मुली बसल्या रांगेत,
वास्तू शोधाल तर चुकाल, इतिहास आहे जागेत.

हे कोडं ठेवावं की नाही यावर आमचा वाद झाला होता. सी विंगचा मुलगा म्हणायचा, तिथे बघायला काही नाही. खरंच नाही. बुधवार पेठेतला भिडे वाडा, जिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी मुलींची शाळा काढली, तो डिसेंबर २०२३मध्ये स्मारकासाठी पाडला. मेट्रोचा आमचा टप्पा सुरू झाला त्याच दिवशी स्मारकाची पायाभरणी झाली. मी हट्टानं ठेवलं. आणि त्या वेळी मी तिथेच रस्त्याच्या पलीकडे उभी होते, म्हणून जे झालं ते पाहिलं.

चौथा गट आला. त्यात डी विंगमधल्या बाई होत्या. धाराशिव जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. गुडघे दुखतात म्हणून येणारच नव्हत्या. त्यांच्या गटातली आठवीतली मुलगी फुलवाल्या मावशींना विचारत होती, इथे मुलींची शाळा कुठे आहे? मावशी हार ओवता ओवता म्हणाल्या, "होती. आता नाही. वाडा पाडला की. ते पत्रे दिसतात ना, तिथं." मुलगी निराश झाली, फोटो कशाचा काढायचा म्हणाली. बाईंनी उत्तर दिलं नाही. त्यांनी कडेला जाऊन चपला काढल्या, रहदारी चालू असताना, आणि त्या पत्र्यांकडे तोंड करून मिनिटभर उभ्या राहिल्या. मग चपला घालून मुलीला म्हणाल्या, "काढ. पत्र्याचाच काढ."

पुढच्या गल्लीत मी तोंड धुतलं. धुळीनं डोळे चुरचुरतात तिथे.

बारापर्यंत सहा गट मंडईत आले, सातवा सव्वाबाराला. मंडईचं कोडं "लाटसाहेबाचं नाव पुसून महात्म्याचं लावलं" असं होतं. १८८६ साली गव्हर्नर रे याच्या नावानं उघडलेला बाजार, पुढे महात्मा फुले मंडई झाला. कोन मोजायचे होते, आठ. इथे कोणी चुकलं नाही, वांगी घेत घेतही मोजले. जवळच्याच एका हॉटेलात मिसळ, चहा आणि उत्तरपत्रिकांचं वाचन. एकशे पस्तीसपैकी एकशे वीस मिळवून पाचवा पोचलेला गट जिंकला. त्यांच्या "माणसांच्या उत्तरांची" पानं सगळ्यात भरलेली होती.

हिशोब. वर्गणी माणशी अडीचशे, एकूण ७,००० रुपये. मेट्रोचं तिकीट ज्याचं त्यानं. छपाई आणि पाकिटं ७८०. पाणी, लिमलेटच्या गोळ्या, क्रेप बँडेज वगैरे ४३०. नाश्ता बत्तीस जणांचा ३,५२०. बक्षिसाला तांब्याची चार फुलपात्रं १,४००. अर्जांच्या झेरॉक्स, देवळांतल्या पेट्या, किरकोळ ३१०. उरले ५६०. स्वच्छतागृहांची यादी आधी करा, विशेषतः बायकांसाठी. आम्हाला मेट्रो स्थानकांचा मोठा आधार झाला. साठीच्या पुढच्यांना नऊ ठिकाणंही जास्तच होतात, सात पुरे. गटात एकाकडे तरी सुटे पैसे द्या, कारण फोन पिशवीत आहेत आणि उसाचा रस समोर आहे. आणि गटप्रमुख नेमू नका. आम्ही नेमले नाहीत, तरी प्रत्येक गटात एक काका आपोआप झालेच.

उरलेल्या पैशांचं काय, यावर ग्रुपवर चर्चा सुरू झाली तेव्हा विजेत्या गटातल्या काकूंनी लिहिलं, फुलपात्रांवर नावं नाहीत. आपल्याकडे नाव घातल्याशिवाय भांडं घरात येत नाही. जिंकणार कोण हे आधी माहीत नव्हतं, म्हणून मी कोरीच घेतलेली. १८ तारखेला, बुधवारी, ऑफिसातून लवकर निघून चारही पिशवीत घालून गेले. डी विंगच्या बाई म्हणाल्या, मीही येते. त्यांचा गट त्या आळीपर्यंत पोचलाच नव्हता.

कसबा पेठ स्टेशनाबाहेर आलो, देवळाला वळसा घातला. बाईंना गुडघ्यांमुळे सावकाश चालावं लागतं. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी माझा हात धरून थांबवलं आणि डोळे मिटले. ठक-ठक, ठक-ठक, मध्येच एक जाड ठोका.

"दहा गुण द्या मला," बाई म्हणाल्या.